लेक लाडकीचे लाख रुपये आणि आमच्या घरचा हिशोब

लेक लाडकी या मुलींसाठीच्या राज्य सरकारच्या योजनेचे १ लाख १ हजार मिळतात हे आमच्याकडे पोरासोरांनाही पाठ आहे, पण कधी मिळतात आणि कितीकिती करून मिळतात असं विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात. दादाची धाकटी ऑगस्ट २०२४ ला झाली तेव्हा बाळ बघायला येणारं प्रत्येक माणूस बर्फी खाता खाता हेच सांगून जायचं, लखपती लेक आली बघा घरात, आता कसली चिंता. दादाला तर खरंच वाटायला लागलं होतं की पाच-सहा महिन्यांत मोठी रक्कम खात्यावर पडणार, त्याने मनातल्या मनात घरावरचे पत्रेसुद्धा बदलून टाकले होते. आमच्याकडे फॉर्म, झेरॉक्स, अपलोड असलं सगळं माझ्याकडे असतं त्यामुळे हेही माझ्याच गळ्यात पडणार हे नक्की होतं, म्हणून म्हटलं आधी कागदावर मांडू की येणार किती आणि कोणत्या साली.

हिशोबाला लागतं म्हणून घरची परिस्थिती सांगते. केशरी रेशनकार्ड, दीड एकर कोरडवाहू, दादा शेतातलं काम नसेल तेव्हा मजुरीला, वहिनी घरी शिवणकाम करते. थोरली मुलगी जानेवारी २०२२ ची, धाकटी ऑगस्ट २०२४ ची. या दोन तारखा लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यांच्यावरच फिरतं.

सगळ्यात आधी मी लेक लाडकीचा ३० ऑक्टोबर २०२३ चा जीआर, म्हणजे शासन निर्णय, काढून वाचला. शासनाच्या साईटवर मिळतो, महिला व बालविकास विभागाचा. "ताबडतोब अर्ज करा" वाले व्हिडिओ बघण्यापेक्षा जीआर वाचणं खरंच कमी त्रासाचं आहे, भाषा सरकारी असते पण अटी सरळ लिहिलेल्या असतात. तर अटी अशा की मुलगी १ एप्रिल २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेली पाहिजे, कार्ड पिवळं किंवा केशरी पाहिजे, वार्षिक उत्पन्न १ लाखाच्या आत पाहिजे. आणि पैसे पाच टप्प्यांत, जन्मानंतर ५ हजार, पहिलीत गेली की ६ हजार, सहावीत ७ हजार, अकरावीत ८ हजार, आणि १८ पूर्ण झाली की ७५ हजार. बेरीज १ लाख १ हजार. म्हणजे कुणी खोटं सांगत नव्हतं.

पण मी त्या टप्प्यांसमोर सालं लिहायला बसले आणि तिथे दादाचा चेहरा उतरला. पहिलीला जायला त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत ६ वर्षं पूर्ण लागतात, म्हणजे आमची धाकटी जून २०३० ला पहिलीत. सहावी २०३५. अकरावी २०४०, मधे कुठे नापास झाली नाही तर. आणि १८ पूर्ण ऑगस्ट २०४२. आता बघा, अकरावीपर्यंतचे सगळे हप्ते मिळून होतात २६ हजार, तेही १६ वर्षांत, महिन्यावर पसरले तर साधारण १३५ रुपये. पूर्ण १ लाख १ हजार १८ वर्षांवर पसरले तर महिन्याला ४६८. आणि शेवटचे ७५ हजार २०४२ मध्ये येणार त्यांची आजची किंमत काय, तर महागाई वर्षाला ६ टक्के धरली की १८ वर्षांत भाव जवळजवळ २.८५ पट होतात, म्हणजे ते ७५ हजार आजच्या २६ हजारांएवढे. वहिनी म्हणाली, "अहो ताई, म्हणजे लाखाचे पन्नास हजारच झाले की." मी म्हटलं तेवढेही कदाचित नाही, पण नाही म्हणायचंही कारण नाही, मिळतायत ते घ्यायचे. फक्त त्याच्या जिवावर आज कर्ज काढायचं नाही, एवढंच दादाला समजावायचं होतं.

(हे महिन्यावर पसरवणं मी मुद्दाम केलं. आकडा लाखात ऐकला की माणूस वेगळाच विचार करतो, तोच महिन्याच्या दुधाच्या बिलाशेजारी लिहिला की डोकं जागेवर येतं.)

दुसरी योजना मातृवंदना. ही केंद्राची, २०१७ पासूनची, आणि गंमत म्हणजे आमच्या दोन्ही पोरी हिच्या वेगवेगळ्या नियमात येतात. थोरलीच्या वेळी पहिल्या बाळंतपणाला ५ हजार होते ते तीन हप्त्यांत यायचे, १ हजार, २ हजार, २ हजार. मग १ एप्रिल २०२२ पासून नियम बदलला, पहिल्या बाळाला ५ हजारच पण दोन हप्त्यांत, ३ आणि २, आणि दुसरं बाळ मुलगी असेल तर ६ हजार एकदम. मुलगा झाला तर दुसऱ्या वेळी काही नाही. म्हणजे धाकटीचे ६ हजार हे तिच्या मुलगी असण्यावर आहेत, आणि आमची आई, जी दवाखान्याच्या बाहेर "दुसरी पण मुलगीच का" म्हणून पाच मिनिटं गप्प बसली होती, तिला मी हे मुद्दाम दोनदा वाचून दाखवलं.

मातृवंदनेत उत्पन्नाची मर्यादा ८ लाख आहे, आणि ती एकच वाट नाही. ई-श्रम कार्ड, रोहयोचं (रोजगार हमीचं) जॉब कार्ड, आयुष्मान कार्ड, रेशनचं अन्नसुरक्षा कार्ड, अनुसूचित जाती-जमाती, यातलं काहीही एक चालतं. वहिनीचं ई-श्रम होतं, संपला विषय, उत्पन्नाचा दाखला लागलाच नाही. इथे वेळेचं मात्र नीट बघावं लागतं. दुसऱ्या मुलीचे ६ हजार बाळाचं लसीकरणाचं पहिलं चक्र पूर्ण झाल्यावर, म्हणजे दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचे डोस झाल्यावर, आणि अर्ज जन्मापासून २७० दिवसांच्या आत. आमच्या धाकटीचं साडेतीन महिन्यांचं इंजेक्शन नोव्हेंबरच्या शेवटाला येत होतं आणि २७० दिवस मे २०२५ मध्ये भरत होते. म्हणजे डिसेंबर ते मे एवढीच खिडकी. आशा ताईंनी लसीकरणाच्या दिवशी माता-बाल कार्डावर तारीख टाकून शिक्का दिला आणि आम्ही लगेच अंगणवाडीच्या बाईंकडे कागद दिले, त्या पोर्टलवर भरतात.

या सगळ्यात बँक खात्याचं प्रकरण जरा सविस्तर सांगते कारण माझ्या ओळखीत निम्म्या बायकांचे पैसे इथेच अडकलेत. आपण फॉर्मसोबत पासबुकची झेरॉक्स देतो त्यामुळे आपल्याला वाटतं पैसे त्याच खात्यात येणार. तसं नसतं. मातृवंदनेचे पैसे आधार बघून येतात, आणि आधार ज्या एका बँकेला सीडेड आहे तिथे जातात. आता लिंक आणि सीडिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लिंक म्हणजे बँकेने केवायसीसाठी आधार घेतलं, ते तुमच्या चार खात्यांना असू शकतं. सीडिंग म्हणजे एनपीसीआय या बँकांचे व्यवहार जोडणाऱ्या संस्थेच्या यादीत तुमच्या आधारासमोर एका बँकेचं नाव, आणि ते एकच असतं, नवीन बँकेत सीडिंगचा फॉर्म दिला की जुनी बँक आपोआप बाजूला होते. वहिनीने २०२४ च्या जुलैत लाडकी बहीणच्या गडबडीत पोस्टात नवीन खातं उघडलं होतं, सगळ्या बायका उघडत होत्या म्हणून हिनेही. सीडिंग तिथे गेलेलं. फॉर्मला मात्र आम्ही लग्नानंतरचं तालुक्याच्या बँकेचं पासबुक जोडलं होतं. पैसे आले ते पोस्टाच्या खात्यात. मी आधीच मायआधार (myAadhaar) या साईटवर जाऊन वहिनीचं बँक सीडिंग स्टेटस बघून ठेवलं होतं, ओटीपी टाकला की बँकेचं नाव दिसतं, त्यामुळे कुठे बघायचं ते माहीत होतं. नाहीतर वहिनी तालुक्याच्या बँकेत पासबुक प्रिंट करून करून थकली असती आणि अंगणवाडीच्या बाईंवर संशय आला असता, जे आजूबाजूला सर्रास होतं. त्या बाईंच्या हातात पोर्टलवर भरण्यापलीकडे काही नसतं हो.

आता लेक लाडकीवर परत येते, कारण खरा वैताग तिथे होता.

आधी थोरलीचं. ती जानेवारी २०२२ ची, योजना १ एप्रिल २०२३ पासून, सव्वा वर्षाने हुकली. तिला शून्य. आईने विचारलं, "मग थोरली काय शेजाऱ्यांची आहे का?" याला उत्तर नाही. तारखेची रेघ कुठेतरी मारावी लागते हे मला कळतं, पण एकाच घरात एकीच्या नावाने लाख आणि दुसरीच्या नावाने काहीच नाही हे त्या पोरींना मोठेपणी कोण समजावणार. त्याच्या आधी माझी कन्या भाग्यश्री होती, ती बंद करूनच ही आणलीय.

मग पुढचा प्रश्न, थोरली आधीची असल्यामुळे धाकटी दुसरं अपत्य ठरते, तर तिला मिळतं का? गावात दोन मतं होती. एक म्हणे फक्त पहिल्या मुलीला, एक म्हणे दोन्ही मुली असतील तर दोघींना. जीआरमध्ये स्वच्छ लिहिलंय, १ एप्रिल २०२३ च्या आधी एक मुलगी किंवा मुलगा असेल आणि त्यानंतर दुसरी मुलगी झाली तर त्या दुसरीला लाभ आहे, मात्र आईने किंवा वडिलांनी कुटुंब नियोजनाची शस्त्रक्रिया केलेली पाहिजे. जी कुटुंबं पूर्ण नवीन नियमात आहेत त्यांना थोडी सवड आहे, पहिल्या अपत्याला तिसऱ्या हप्त्याच्या वेळी आणि दुसऱ्या अपत्याला दुसऱ्या हप्त्याच्या वेळी ते प्रमाणपत्र द्यायचं. आमच्याकडे थोरली जुन्या तारखेची, त्यामुळे अंगणवाडीच्या पर्यवेक्षिका मॅडमनी प्रमाणपत्र आत्ताच मागितलं.

मला ही अट आवडत नाही, सरळ सांगते. पैसे पोरीच्या शाळेसाठी आणि अट आईबापाच्या शरीरावर. पण माझ्या आवडण्याने काय होतंय, वहिनीलाच आता तिसरं नको होतं आणि दादालाही, त्यामुळे आमच्याकडे जबरदस्ती अशी काही झाली नाही. प्रश्न एवढाच उरला की कुणी करायची. आईने गृहीतच धरलं होतं की वहिनी. आशा ताई घरी आल्या तेव्हा त्यांनी दादाला समोर बसवून सांगितलं की पुरुषाची बिनटाक्याची शस्त्रक्रिया असते, थोड्या वेळाचं काम, त्याच दिवशी घरी, आणि बाईचं पोट उघडण्यापेक्षा कितीतरी सोपी. जीआरमध्ये माता किंवा पिता असंच आहे, दोघांपैकी कुणीही. दादा एक मिनिट मोबाईल बघत बसला आणि म्हणाला, "मी करतो." आईने त्या रात्री जेवण केलं नाही. तिचं म्हणणं की कमावत्या माणसाला अशक्तपणा आला तर घर कसं चालणार, आणि लोक काय म्हणतील ते वेगळंच. दादाने कुणाचं ऐकलं नाही, जानेवारीत सरकारी दवाखान्यातल्या शिबिरात जाऊन आला आणि आठवड्याभराने परत मजुरीला लागला. गावातल्या लोकांनी चार दिवस चेष्टा केली मग विसरले.

आता इथे एक गोष्ट आहे जी मला कुणीच सांगितली नव्हती आणि जीआरमध्येही नाही. पुरुषाच्या शस्त्रक्रियेचं प्रमाणपत्र लगेच मिळत नाही. तीन महिन्यांनी वीर्य तपासणी करतात, त्यात शुक्राणू नाहीत असं आलं की मगच प्रमाणपत्र. बाईचं साधारण महिन्याभरात, पाळी आल्यावर मिळतं. कारण बरोबर आहे, पुरुषाची शस्त्रक्रिया लगेच लागू पडत नाही, तोपर्यंत दुसरं साधन वापरावंच लागतं. पण हिशोबात याचा अर्थ असा की दादाचं प्रमाणपत्र एप्रिल २०२५ शिवाय हातात येणार नव्हतं. आणि उत्पन्नाचा दाखला आम्ही जानेवारीतच काढून ठेवला होता. उत्पन्नाच्या दाखल्यावर खाली बघा काय लिहिलेलं असतं, ३१ मार्चपर्यंत वैध. म्हणजे प्रमाणपत्र येईपर्यंत दाखला मेला. परत तलाठ्याचा अहवाल, परत सेतू, परत स्वयंघोषणा. ज्यांच्या घरात पुरुष शस्त्रक्रिया करणार असेल त्यांनी आधी तपासणीचा महिना मोजा आणि उत्पन्नाचा दाखला सगळ्यात शेवटी काढा.

त्या १ लाखाच्या मर्यादेबद्दल तर मला बरंच बोलायचंय. १ लाख भागिले १२ म्हणजे महिन्याला ८,३३३. रोहयोची मजुरी महाराष्ट्रात २०२४-२५ ला रोज २९७ रुपये होती. एका माणसाने महिन्यातले २८ दिवस काम केलं तर ८,३१६ होतात, म्हणजे सतरा रुपयांनी आत. १ एप्रिल २०२५ पासून मजुरी ३१२ झाली, मग २७ दिवसांतच ८,४२४ व्हायला लागले, म्हणजे बाहेर. मजुरी वाढली आणि माणूस योजनेतून गेला, असा प्रकार. अर्थात इतके दिवस काम कुणाला मिळतंय, रोहयोत केंद्राची हमी तेव्हा वर्षाला १०० दिवसांची होती, आणि बाहेरची मजुरी पेरणी आणि काढणी सोडली तर आज आहे उद्या नाही. पण घरात नवरा-बायको दोघं थोडंथोडं कमावत असतील तर १ लाख ओलांडायला काय लागतं सांगा. रेशनकार्डाचे तीन रंग १९९९ पासूनचे, तेव्हा १ लाख म्हणजे बरी रक्कम होती, केशरी कार्डाची हद्द आजही तीच.

आमचं खरं बसत होतं का? मी वहीत लिहून काढलं. सोयाबीनचा हमीभाव त्या वर्षी ४,८९२ होता, व्यापाऱ्याने दिला त्याच्या बराच खाली, बी-खत-फवारणी-मळणी वजा केली तर शेतीतून हातात आलेलं सांगायलाही लाज वाटते. दादाची मजुरी सलग नाही, वहिनीचं शिवणकाम लग्नसराईत आणि दिवाळीला. सगळं मिळून मर्यादेच्या आत पण काठावर. तलाठ्यांनी मजुरीचे दिवस विचारले, शेतीचा उतारा बघितला आणि त्याप्रमाणे अहवाल दिला. पण मला माहितीय की कितीतरी घरं काठाच्या थोडी पलीकडे आहेत आणि तिथे दाखल्यावर काय आकडा येतो ते सगळ्या गावाला माहीत असतं. मर्यादाच अशी ठेवली की माणसं कागद बसवायला शिकतात.

आणि एकाच घराला किती मोजपट्ट्या. मातृवंदनेला ८ लाख. लाडकी बहीणला अडीच लाख. लेक लाडकीला १ लाख. वहिनी एका योजनेत गरीब, दुसऱ्या योजनेत काठावर. त्यात नावांचा घोळ असा की सेवा केंद्रावरच्या मुलाने आमचं ऐकून आधी लाडकी बहीणचंच पेज उघडलं, मी म्हटलं भाऊ बहीण नाही लेक, तर तो म्हणे लेकीचं ऑनलाईन नाही, अंगणवाडीत जा. ते खरंच होतं, अर्ज अंगणवाडी सेविकेकडेच द्यायचा असतो.

नावांचं म्हणाल तर अजून एक आहे. १ मे २०२४ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळाच्या नावात महाराष्ट्रात आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव असं लिहितात. धाकटी ऑगस्टची, तिच्या दाखल्यावर वहिनीचं नाव मधे आलंय, थोरलीच्या दाखल्यावर नाही. वहिनीला हे इतकं आवडलं की तिने तो दाखला लॅमिनेट करायला काढला होता, मी अडवला, लॅमिनेट केलेले कागद काही ठिकाणी घेत नाहीत. पण तिच्या स्वतःच्या आधारवर माहेरचंच नाव होतं आणि बाळाच्या दाखल्यावर, रेशनकार्डात सासरचं. विवाह नोंदणीचा दाखला जोडून आधारवरचं नाव बदलून घेतलं, मगच बाकीचं हाललं. बाळाचा जन्म २१ दिवसांच्या आत नोंदवला तर फुकट आणि बिनत्रासाचा, तो दवाखान्यातूनच झाला होता त्यामुळे तिथे काही बोलायला नको.

आमचं चालू असताना मागच्या आळीतल्या एक काकू आल्या, नवरा दोन-तीन वर्षांपूर्वी गेलेला, मुलगा सातवीत, मुलगी चौथीत. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की लेक लाडकीत बसत नाही म्हणजे सरकारकडून काहीच नाही. मी त्यांचं मांडलं तर उलटंच निघालं. बालसंगोपन योजना आहे ना, सावित्रीबाई फुलेंच्या नावाची, त्यात एक पालक गेलेल्या मुलांनाही घेतात आणि दर महिन्याला मुलामागे २,२५० रुपये मिळतात. २०२३ पर्यंत ११०० होते. वर्षाचे २७ हजार झाले एका मुलाचे. म्हणजे धाकटीला अकरावीपर्यंत १६ वर्षांत जेवढे मिळणार त्यापेक्षा जास्त, एका वर्षात. मुलगा असो की मुलगी, १८ पर्यंत. आणि हिचं कुठे पोस्टर नाही, रिक्षावर भोंगा नाही. याशिवाय केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये महिन्याला ४ हजारांचं प्रायोजकत्व आहे, त्याला ग्रामीण भागात उत्पन्न ७२ हजारांच्या आत लागतं. चौथी मोजपट्टी!

हे काम मात्र अंगणवाडीत होत नाही. जिल्ह्याच्या महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे अर्ज, मग घरी येऊन चौकशी, मग बाल कल्याण समितीसमोर मुलांना घेऊन जायचं आणि समितीचा आदेश झाला की पैसे सुरू. नवऱ्याचा मृत्यू दाखला, मुलांचे बोनाफाईड, रहिवासी, उत्पन्न, बँक, फोटो. काकूंना जिल्ह्याला जायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडणार आणि दोन पोरांचं एसटीचं भाडं, त्या म्हणाल्या जाऊ दे बाई, मिळाले तर मिळाले. मी त्यांच्यासमोर २,२५० गुणिले दोन असं लिहून दाखवलं, साडेचार हजार, दर महिन्याला. त्यांनी तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि पुढच्याच सोमवारी गेल्या. आदेश व्हायला वेळ लागला, कधी फाईल नाही तर कधी समितीची बैठकच पुढे गेलेली, पण झाला.

आमच्याकडे मातृवंदनेचे ६ हजार पोस्टात आले ते वहिनीने हातात घेतले आणि त्यातले काही लगेच थोरलीच्या नावाने सुकन्या समृद्धी, म्हणजे मुलींसाठीचं सरकारी बचत खातं, उघडून टाकले. वर्षाला कमीत कमी २५० भरले तरी खातं चालू राहतं, व्याज २०२५ ला ८.२ टक्के होतं, आणि जेव्हा जमेल तेव्हा जास्त. धाकटीला सरकार देतंय तर थोरलीला आपण देऊ असं तिचं साधं गणित, मला त्यात सुधारणा सुचली नाही. लेक लाडकीचा अर्ज नवीन उत्पन्नाचा दाखला आणि दादाचं प्रमाणपत्र लावून मे महिन्यात दिला, पहिले ५ हजार त्यानंतर बऱ्याच दिवसांनी आले.

सगळ्याची एक फाईल केलीय. जीआरची प्रिंट, अर्जाची पोच, प्रमाणपत्राच्या दोन झेरॉक्स, आणि वरती एक कागद ज्यावर सालं लिहिलीत. २०३० समोर शाळेचं बोनाफाईड, २०३५ आणि २०४० समोर पण तेच, २०४२ समोर मतदार यादीत नाव आणि लग्न झालेलं नसल्याचं घोषणापत्र, शेवटच्या हप्त्याला ती दोन्ही लागतात. आणि मधेच २०२९ ला पेन्सिलने लिहिलंय, बाळाचं आधार बोटांच्या ठशांसह अपडेट करणे, कारण पाचच्या आतलं निळं आधार ठशांशिवाय असतं आणि पाच पूर्ण झाली की ते करावं लागतं. ते आधी झालेलं असलं म्हणजे पहिलीच्या हप्त्याला धावपळ नको.